बाईलवेडा

बाकीचे काही दिसूच नये इतक्या बायकोच्या प्रेमात बुडालेल्या नवऱ्याला मराठीत 'बाईलवेडा' म्हणतात. 'बाईल' म्हणजे बायको. कोकणीतला 'बायल' आजही रोजच्या बोलण्यात आहे. याच अर्थाने वापरल्या जाणाऱ्या, संस्कृतातून आलेल्या 'स्त्रैण'ला मात्र दोन अर्थ आहेत: बायकी, आणि बायकांच्या आहारी गेलेला. ज्ञानेश्वरीच्या (१२९०) तेराव्या अध्यायात अज्ञानाची लक्षणे सांगताना, सर्वस्व बायकोवर ओवाळून टाकणारा पुरुष येतो. तिथे रोख आसक्तीवर आहे. एकत्र कुटुंबात मात्र 'बाईलवेडा' हा शब्द मुलाला आईवडिलांच्या धाकात ठेवायला वापरला गेला. उलट नवऱ्याला सर्वस्व मानणारी स्त्री 'पतिव्रता' म्हणून गौरवली जाते, हा अन्याय मला फार खटकतो. बायकोचा सल्ला घेणाऱ्या, घरकामाला हात लावणाऱ्या नवऱ्यालाही बाईलवेडा ठरवणे सरळ चूक आहे.