वहीतलं बँकॉक

‘आई, आम्ही तिघी बँकॉकला जायचं म्हणतोय. चार रात्री. स्वतःच्या पैशांनी.’

ऑगस्ट २०२४ मध्ये लेकीनं हे जाहीर केलं, तेव्हा घरात आधी शांतता पसरली आणि मग यांचा प्रश्न आला, ‘बँकॉकच का?’ खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच होतं. आपल्याकडे बँकॉक म्हटलं की पुरुषमंडळी एकमेकांकडे बघून हसतात. शेजारच्या काकूंनी तर सरळच विचारलं, ‘अगं, मुलींनी जाण्यासारखं काय आहे तिथे?’

लेकीचं उत्तर तयार होतं. मुंबईहून विमानानं चार-साडेचार तास. भारतीयांना त्या वेळी साठ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नव्हता. राहणं-खाणं स्वस्त आणि मेट्रो, बोट, बस असल्यामुळे कुणाशी हुज्जत न घालता शहरभर फिरता येतं. एकवीस वर्षांच्या मुलींनी पहिल्यांदा परदेश बघायचा तर याहून सोयीचं शहर कुठलं? मला पटलं. यांना पटायला पंधरा दिवस लागले.

तिघींचा पहिला आराखडा माणशी पंचावन्न हजारांचा होता. चांगलं हॉटेल, नदीवरच्या बोटीत जेवण, एक दिवस पटाया. दोघी भराभर बोलत होत्या. तिसरी मात्र नुसती ‘हो, हो’ म्हणत होती. माझ्या तेव्हा ते लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते पुढच्या आठवड्यात, आमच्या बचत गटाच्या बैठकीत.

या तिसऱ्या मुलीची आई आमच्या गटाची जुनी सभासद. पोळ्या लाटून दोन मुलांना शिकवणारी बाई. तिनं वीस हजारांचं कर्ज मागितलं. ‘कशासाठी?’ असं वहीत लिहावंच लागतं. ‘घरातलं काम,’ एवढंच ती म्हणाली. आतापर्यंत शिलाई मशीन असो, मुलाची फी असो, कारण सांगताना ती कधी अडखळली नव्हती. बैठक संपल्यावर मी तिला थांबवलं. म्हणाली, ‘पोरगी काही बोलली नाही हो ताई. पण मैत्रिणींपुढे तिला नाही म्हणता येईना, हे मला कळलंय.’ (तिची परवानगी घेऊनच हे लिहितेय.)

त्या रात्री मला झोप लागली नाही. फिरायला जाण्यासाठी महिना दोन टक्क्यांचं कर्ज! आणि तेही माझ्याच घरात बसून केलेल्या बेतापायी.

दुसऱ्या दिवशी मी तिघींना बोलावलं. कुणाचं नाव न घेता म्हटलं, ‘आमच्या गटात महिन्याचा हप्ता ठरवताना सगळ्यात जास्त कमावणारीला आम्ही विचारत नाही. सगळ्यात कमी कमावणारीला जेवढं झेपेल, तेवढा हप्ता. तुम्हीही तसंच करा. चिठ्ठीवर आकडा लिहा, नाव लिहू नका.’ तीन चिठ्ठ्या निघाल्या. सहा हजार, पाच हजार आणि साडेतीन हजार. ठरलं! शिकवण्या आणि सुट्टीतल्या कामांतून महिना साडेतीन हजार, दहा महिने. माणशी पस्तीस हजार. जायचं पुढच्या जूनमध्ये. तिथे पाऊस सुरू झालेला असतो, गर्दी कमी आणि दरही उतरलेले असतात.

मैत्रिणींनो, सहलीचं बजेट खरं तर इथेच होतं. बाकी सगळी बेरीज-वजाबाकी. पण तीही सांगते, कारण तुमच्याही घरात हा प्रश्न आज ना उद्या येणारच आहे.

पहिला हप्ता अडीअडचणीचा

गटाची वही असते तशी एक वही आणली. पहिल्या महिन्याचे साडेतीन हजार ‘हात लावायचा नाही’ या मथळ्याखाली गेले. तिघींचे मिळून साडेदहा हजार. बहुतेक लोक सगळा खर्च मांडून उरलं तर अडीअडचणीला ठेवतात. ते कधीच उरत नाही. म्हणून ते आधी काढायचं.

उरलेल्या साडेएकतीस हजारांची वाटणी अशी झाली. सामानासह जाण्या-येण्याचं तिकीट सतरा हजार. विमा आणि फोनचं कार्ड मिळून बाराशे. बँकॉकमधला खर्च तेरा हजार तीनशे, म्हणजे साधारण एकावन्नशे बाथ. बाथ तेव्हा दोन रुपये साठ पैशांच्या आसपास होता. त्यात राहण्याचे अठराशे, खाण्याचे सोळाशे, प्रवेश तिकिटांचे हजार आणि फिरण्याचे सातशे बाथ. ज्यांच्याकडे पासपोर्ट नव्हता त्यांचा दीड हजारांचा खर्च वेगळा.

तिकिटाची एक गंमत झाली. एके दिवशी लेक नाचतच आली, ‘आई, बावीसशे रुपयांनी स्वस्त तिकीट मिळतंय!’ म्हटलं, वहीत मांड. ते विमान पोचत होतं रात्री दीडला. गावात नेणारी रेल्वे मध्यरात्रीच्या सुमारास बंद होते, म्हणजे टॅक्सी आली, माणशी साडेतीनशे. एक रात्र जास्तीची, साडेअकराशेच्या वर. शिवाय त्या तिकिटात फक्त सात किलोची हातातली बॅग. मोठ्या बॅगेचे जाता-येताचे तीन हजार वेगळे. बावीसशे वाचवायला साडेचार हजार जात होते. आणि अनोळखी शहरात मध्यरात्री उतरायचं, त्याची किंमत तर कुठल्याच रकान्यात बसत नव्हती. मग सकाळी पोचणारं विमान घेतलं. बॅगा वसतिगृहात ठेवून तिघी लगेच फिरायला बाहेर पडल्या.

राहण्याच्या बाबतीत मी दोनच अटी घातल्या होत्या. खोली फक्त मुलींची हवी आणि स्टेशनपासून चालत सात मिनिटांच्या आत हवी. शंभर बाथनं स्वस्त असलेली एक जागा आम्ही सोडून दिली, कारण रात्री तिथून स्टेशन गाठायला रिक्षा लागली असती. हॉस्टेल हा शब्द ऐकून यांचं तोंड वाकडं झालं होतं. पण प्रत्येकीला कुलपाचं कपाट, खाली चोवीस तास माणूस आणि दुमजली पलंगांना पडदे. आमच्या काळच्या कॉलेजच्या हॉस्टेलपेक्षा कितीतरी बरं!

पाहिलं ते, खाल्लं ते

विमानतळावरून रेल्वेनं पंचेचाळीस बाथमध्ये फाया थाई स्टेशन. तिथून पुढे रुळांवरून डोक्यावर धावणारी मेट्रो. चाओ फ्राया नदीत तर नारिंगी झेंड्याची बोट, सोळा बाथमध्ये कुठेही उतरा. या बोटीवरून दिसणारं शहर हीच त्यांची ‘क्रूझ’ झाली.

राजवाड्याचं तिकीट पाचशे बाथ. बजेटमधला हा सगळ्यात मोठा घास, पण तो वाया गेला नाही. आवारातल्या पाचूच्या बुद्धाच्या देवळाच्या ओवऱ्यांत अख्खं रामायण भिंतींवर रंगवलंय, १७८ चित्रांमध्ये. थाई लोक त्याला ‘रामकियन’ म्हणतात. तिथला हनुमान पांढराशुभ्र! तिथल्या राजांनाही ‘राम’ म्हणतात. एकेका चित्रापुढे उभं राहून गोष्ट ओळखायचा खेळ मुलींनी दोन तास खेळला. वाट फो देवळातला सेहेचाळीस मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध पाहायला तीनशे बाथ आणि नदीपलीकडच्या वाट अरुणला दोनशे. झाले हजार. देवळांमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. राजवाड्यात बिनबाह्यांच्या कपड्यांवर नुसती ओढणी घेतलेली चालत नाही. आपला पंजाबी ड्रेस मात्र अगदी चालतो, वर घामही कमी येतो.

फुकटातही पुष्कळ आहे. लुंपिनी बागेत तळ्याकाठी माणसाएवढ्या लांबीच्या घोरपडी आरामात फिरत असतात. शहराचं कलादालन आहे, शनिवार-रविवारी भरणारा चातुचाकचा प्रचंड बाजार आहे. बघायला पैसे पडत नाहीत, हे मुलींनी तिथे सिद्ध केलं! पटायाऐवजी एक दिवस त्या आयुथयाला गेल्या, तिसऱ्या वर्गाच्या आगगाडीनं, वीस बाथच्या आत. हे नाव अयोध्येवरूनच आलंय. १३५० ते १७६७ या काळातली ही राजधानी ब्रह्मी सैन्यानं उद्ध्वस्त केली. विटांच्या त्या ओसाड देवळांबद्दल लेक अजून बोलते.

दोघी शाकाहारी. भाजीवरही तिथे माशांचा सॉस घालतात, त्यामुळे विचारून घ्यावं लागतं. पिवळ्या पाटीवर लाल थाई अक्षरात ‘जे’ लिहिलेलं असेल, तर तिथे मांसमच्छी नाहीच, कांदा-लसूणही नसतो. बरोबर दशम्या आणि चटणी दिली होती, ती पहिल्या दिवशीच संपली.

आईच्या सूचना

काही गोष्टी मी वहीच्या मागच्या पानावर लिहून दिल्या. ‘राजवाडा आज बंद आहे, चला दुसरीकडे नेतो’ म्हणणाऱ्याचं ऐकायचं नाही. तो खड्यांच्या दुकानात नेतो. एटीएममधून थोडे थोडे पैसे काढायचे नाहीत. परदेशी कार्डावर दर वेळी दोनशे बाथच्या वर कापतात. कार्ड वापरताना मशीननं ‘रुपये की बाथ’ विचारलं तर बाथच म्हणायचं. ई-सिगारेट तिथे बेकायदा आहे. आणि परत येताना कुणी कितीही गोड बोललं, तरी दुसऱ्याची बॅग हातात घ्यायची नाही. बँकॉकहून येणाऱ्या सामानात गांजा सापडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. पर्यटक पोलिसांचा नंबर ११५५. परतीचं तिकीट, राहण्याचं बुकिंग आणि विम्याचा कागद छापून जवळ ठेवायचा. १ मे २०२५ पासून प्रवेशाचा अर्जही आधीच ऑनलाइन भरावा लागतो. त्याला पैसे पडत नाहीत, म्हणून पैसे मागणाऱ्या साइटवर जायचं नाही. व्हिसाचे नियम मात्र बदलत राहतात. तिकीट काढण्याआधी थायलंडच्या दूतावासाची अधिकृत माहिती पाहायलाच हवी.

एवढं करूनही जे व्हायचं ते झालंच. शेवटच्या रात्री माझ्या लेकीचं पोट बिघडलं. उलट्या थांबेनात. दोन वाजता वही सांभाळणाऱ्या त्या तिसऱ्या मुलीनं खालच्या माणसाला उठवलं, टॅक्सी बोलावली, दवाखान्यात नेलं. टॅक्सी, डॉक्टर, औषधं मिळून अडीच हजार बाथ, म्हणजे साडेसहा हजार रुपये. विम्यातून ते मिळाले नाहीत. ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च आपणच सोसायचा असतो, हे बारीक अक्षरात लिहिलेलं मीही वाचलं नव्हतं. पैसे गेले ते ‘हात लावायचा नाही’मधून. मला फोन आला तो सकाळी, ‘काकू, आता बरी आहे, झोपलीय.’

तिघी परत आल्या. वहीत शिल्लक चार हजार. त्यांनी ते सारखे वाटून घेतले. दवाखान्याचा खर्च माझ्या मुलीचा, तिच्या वाट्याचाच धरायला हवा, असं मला वाटत होतं. पण वहीत त्या मुलीनं लिहून ठेवलं होतं, ‘आजारपण – तिघींचा खर्च’. मी गुपचूप तिच्या आईकडे गेले आणि दोन हजारांचं पाकीट पुढे केलं.

पोळपाटावरची पोळी तव्यावर टाकत ती म्हणाली, ‘ताई, हप्ता सगळ्यांचा सारखा, हे तुम्हीच सांगितलंत ना? मग आता तुम्हीच नियम मोडता होय?’

पाकीट तसंच पर्समध्ये टाकलं आणि गरम पोळी खाऊन घरी आले.