उपाहारगृहातील दूषित अन्न : तक्रार कोठे व कशी करावी?

बाजाराचा दिवस, न्यायालयातील तारीख, रुग्णालयाची खेप किंवा मुलांची परीक्षा अशा निमित्ताने ग्रामीण भागातील माणूस तालुक्याच्या गावी येतो आणि दुपारचे जेवण एखाद्या खाणावळीत उरकतो. शहरांतून तर असंख्य कामगार व विद्यार्थी यांची दोन वेळची भूक उपाहारगृहेच भागवितात. हे अन्न शिजते कोठे, पाणी कोणते वापरले जाते, सकाळचा भात रात्री पुन्हा वाढला जातो काय, हे ग्राहकास दिसत नाही. म्हणूनच बाधा झालेल्या ग्राहकाने दिलेली माहिती हाच पुष्कळदा शासकीय यंत्रणेस मिळणारा पहिला इशारा असतो.

प्रत्यक्षात हा इशारा क्वचितच मिळतो. एकाच खाणावळीत जेवलेली दहा माणसे सायंकाळी पाच गावांना परततात. रात्री उलट्या-जुलाब सुरू झाले की प्रत्येकजण आपापल्या गावच्या डॉक्टरांकडे जातो आणि आपलेच पोट बिघडले असे समजतो. दुसऱ्या दिवशी त्याच खाणावळीत आणखी माणसे जेवतात. त्यांत एखादे लहान मूल, गरोदर स्त्री किंवा वृद्ध असेल, तर साधी वाटणारी बाधा जिवावर बेतू शकते. सुट्या सुट्या घटना एकत्र जोडल्या जाव्यात, हाच तक्रारीचा खरा उपयोग होय.

कायद्याची चौकट

अन्नभेसळ प्रतिबंधक अधिनियम, १९५४ हा कायदा अनेक दशके लागू होता. त्याची जागा अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ या कायद्याने घेतली असून तो ५ ऑगस्ट २०११ पासून अंमलात आला. जुन्या कायद्याचा भर भेसळीवर होता. नव्या कायद्याने अन्न सुरक्षित असणे ही अन्न व्यावसायिकाची जबाबदारी मानली. या कायद्यान्वये मोठ्या उपाहारगृहास परवाना, तर हातगाडीवाल्यासारख्या छोट्या विक्रेत्यास नोंदणी आवश्यक आहे. परवान्याचा चौदा अंकी क्रमांक दर्शनी भागी लावलेल्या प्रमाणपत्रावर असतो, आणि १ जानेवारी २०२२ पासून तो बिलावर छापणेही बंधनकारक करण्यात आले आहे. तक्रार करताना हा क्रमांक दिल्यास व्यावसायिकाची ओळख निश्चित होते.

तक्रार कोणाकडे करावी?

महाराष्ट्रात या कायद्याची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन करते. जिल्हा पातळीवरील सहायक आयुक्त (अन्न) यांच्या कार्यालयात लेखी तक्रार देता येते. प्रशासनाचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक १८००-२२२-३६५ हा आहे. केंद्रीय प्राधिकरणाच्या 'फूड सेफ्टी कनेक्ट' या भ्रमणध्वनी सुविधेद्वारेही तक्रार नोंदविता येते. तुंबलेली गटारे, साचलेला कचरा किंवा दूषित नळपाणी यांविषयीची तक्रार मात्र महानगरपालिका, नगरपरिषद अथवा ग्रामपंचायत यांच्याकडे करणे योग्य ठरते.

एकाच वेळी अनेकांना बाधा झाली असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना विनाविलंब कळवावे. २००४ साली सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमामुळे अशा उद्रेकाची वार्ता जिल्ह्याच्या यंत्रणेपर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था आहे.

कोणती माहिती द्यावी?

"तेथील अन्न खराब आहे" एवढ्या वाक्यावरून तपास पुढे सरकत नाही. उपाहारगृहाचे नाव व पत्ता, जेवणाचा दिवस व वेळ, खाल्लेले पदार्थ, त्रास सुरू झाल्याची वेळ, सोबत जेवलेल्यांपैकी कोणास बाधा झाली व कोणास झाली नाही, हा तपशील द्यावा. बिल जपून ठेवावे व शक्य असल्यास छायाचित्र जोडावे.

यात वेळेचे महत्त्व विशेष आहे. स्टॅफिलोकोकस जिवाणूंनी अन्नात सोडलेल्या विषामुळे साधारणतः अर्ध्या ते आठ तासांत उलट्या सुरू होतात आणि अन्न पुन्हा उकळले तरी ते विष नष्ट होत नाही. साल्मोनेलाची बाधा मात्र बहुधा ६ ते ७२ तासांनी प्रकट होते. अर्थात, दोष नेहमी शेवटच्या जेवणाचाच असतो असे नव्हे. म्हणून मागील तीन दिवसांत काय काय खाल्ले, हे आठवून लिहिणे इष्ट असते. ज्याने भात खाल्ला नाही व ज्याला बाधाही झाली नाही, त्याची माहितीही तितकीच मोलाची असते, कारण दोषी पदार्थ त्यावरूनच शोधता येतो.

नमुन्याचा प्रश्न

उरलेले अन्न स्वच्छ, झाकणाच्या भांड्यात थंड जागी ठेवल्यास तपासास दिशा मिळू शकते. तथापि कारवाईचा आधार अन्न सुरक्षा अधिकाऱ्याने रीतसर घेतलेला नमुना हाच असतो. हा अधिकारी नमुन्याची किंमत देतो आणि सामान्यतः त्याचे चार भाग करून मोहोरबंद करतो. अन्न विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल द्यावा अशी तरतूद आहे. कलम ४० अन्वये ग्राहकासही शुल्क भरून पदार्थाचे विश्लेषण करून घेता येते. मात्र तसा उद्देश खरेदीच्या वेळीच विक्रेत्यास सांगावा लागतो. पदार्थ सदोष ठरल्यास शुल्क परत मिळते.

शिजविलेले अन्न दुसऱ्या दिवशी शिल्लक राहत नाही, भांडीही घासली जातात. म्हणून तक्रार आठवड्याने नव्हे, त्याच दिवशी केली पाहिजे.

तक्रारीनंतर

तक्रार म्हणजे उपाहारगृहास टाळे, असा समज योग्य नाही. तपासणीत त्रुटी आढळल्यास पदावधित अधिकारी प्रथम सुधारणा नोटीस देतात व त्रुटी दूर करण्यास किमान चौदा दिवसांचा अवधी मिळतो. त्यानंतरही सुधारणा न झाल्यास परवाना निलंबित होऊ शकतो. सार्वजनिक आरोग्यास तातडीचा धोका असेल, तेथे कारणे नमूद करून तत्काळ निलंबनही करता येते. अस्वच्छ स्थितीत अन्न तयार करण्याबद्दल एक लाख रुपयांपर्यंत शास्ती आहे. असुरक्षित अन्नामुळे मृत्यू ओढवल्यास किमान सात वर्षांची कैद व किमान दहा लाख रुपये दंड अशी शिक्षा असून ती जन्मठेपेपर्यंत वाढू शकते. याखेरीज मृताच्या वारसांना किमान पाच लाख रुपये भरपाईची तरतूद कलम ६५ मध्ये आहे.

कायद्याचा हा बडगा मोठा असल्यामुळेच तक्रार सत्य व नेमकी असणे अगत्याचे आहे. छोट्या खाणावळवाल्याचे सारे घर त्या व्यवसायावर चालते. वैमनस्यातून केलेली तक्रार त्याचे नुकसान करते आणि खऱ्या तक्रारीचे वजनही कमी करते.

स्थानिक कार्यकर्त्यांचे कार्य

सामान्य माणूस तक्रारीस कचरतो, कारण अर्ज कसा लिहावा हे त्यास ठाऊक नसते आणि व्यावसायिक बहुधा ओळखीचाच असतो. येथे शिक्षक व पंचायत सदस्य यांचे साहाय्य मोलाचे ठरेल. सहलीस निघालेल्या शिक्षकांनी उपाहारगृहाचा परवाना क्रमांक टिपून ठेवावा. ग्रामपंचायतीने सहायक आयुक्त (अन्न) व प्राथमिक आरोग्य केंद्र यांचे पत्ते व दूरध्वनी क्रमांक फलकावर लावावेत. गावातील दोन-तीन घरांत एकाच दिवशी उलट्या-जुलाब झाल्याचे कानी आल्यास सदस्यांनी चौकशी करून आरोग्य केंद्रास कळवावे.

राज्यातील प्रत्येक स्वयंपाकघरावर अधिकाऱ्यास रोज लक्ष ठेवता येणे शक्य नाही. तेथे जेवणारा नागरिक मात्र रोज उपस्थित असतो. त्याने वेळेवर व प्रामाणिकपणे दिलेली माहिती पुढच्या पंगतीला बसणाऱ्या अनोळखी माणसाचे रक्षण करू शकते.