‘ट्रूथ’ म्हणजे केवळ सत्य नव्हे

इंग्रजी शिकणाऱ्या मुलास ‘ट्रूथ’ म्हणजे सत्य, एवढें सांगून आपण मोकळे होतों. शब्दाचा अर्थ मात्र एवढ्यानें पुरता उलगडत नाहीं.

धाराशिव जिल्ह्यांतील मुरुम हें गांव कर्नाटकाच्या सीमेजवळचें. १९४८ पर्यंत तें निजामाच्या सत्तेखालीं होतें. या सीमाभागांत मराठी, कानडी व उर्दू या तिन्ही भाषांचा शेजार आहे, आणि खरेपणाकडे प्रत्येक भाषा निराळ्या वाटेनें जाते. ‘सत्य’ हा शब्द ‘सत्’पासून आला, जें आहे तें सत्य. कानडींत ‘निज’ म्हणजे खरें. आपण तोच संस्कृत शब्द ‘स्वतःचें’ या अर्थीं योजतों. उर्दूंतील ‘हकीकत’ म्हणजे वस्तुस्थिति. मराठींत आल्यावर ती घडल्या गोष्टीचा वृत्तांत झाली. आपला ‘खरा’ तर माणसाप्रमाणें नाण्यासही लागतो.

इंग्रजी शब्दाचें मूळ याहून वेगळें आहे. प्राचीन इंग्रजींत ‘ट्रूथ’च्या पूर्वरूपाचा अर्थ निष्ठा, इमान, दिलेलें वचन असा होता, वस्तुस्थितीशीं जुळणारें बोलणें हा अर्थ त्यास मागाहून चिकटला. त्याचेंच जुळें भावंड ‘ट्रोथ’. चर्च ऑफ इंग्लंडच्या १५४९ च्या प्रार्थनाग्रंथांत वधूवर विवाहसमयीं परस्परांस हीच ‘ट्रोथ’ देतात. आपण ज्यास ‘शब्दाला जागणारा’ म्हणतों, त्यास इंग्रजींत आजही आपल्या शब्दाशीं ‘ट्रू’ असलेला म्हणतात.

नित्याच्या वापरांत आपल्या मुलांची एक चूक होते. ‘खरें बोल’ यांतील ‘खरें’ नामाचें काम करतें. म्हणून तीं तेथें ‘ट्रू’ घालतात. इंग्रजींत तेथें ‘ट्रूथ’ हवें, आणि त्यापूर्वीं ‘द’ही हवें. उलट ‘तो आला खरा, पण...’ या बोलण्यांतील ‘खरा’ मात्र इंग्रजी ‘ट्रू’नें तंतोतंत साधतो.

न्यायालयांत साक्षीदार सत्य, संपूर्ण सत्य व सत्यावांचून अन्य कांहीं न सांगण्याची शपथ घेतो. तेथें वचन आणि वस्तुस्थिति, हे दोन्ही अर्थ एकत्र येतात.

घरांत मात्र त्यांची फारकत होते. मोठ्या कुटुंबांत मुलास ‘खोटें बोलूं नकोस’ म्हणून बजावणारीं माणसें पुष्कळ. ‘रविवारीं जत्रेस नेईन’ असें त्यास सांगून विसरणारींही तींच! आपण असत्य बोललों असें तेव्हां आपणांस वाटत नाहीं, मुलास वाटतें. आणि ‘ट्रूथ’चा जुना अर्थ त्या मुलाच्या बाजूचा आहे.