यंत्राची निगा आणि मराठी क्रियापद : गाडी धुण्याच्या केंद्रातील भाषेविषयी

मोटारगाड्या धुण्याच्या ज्या जागेला महाराष्ट्रात सर्वत्र 'वॉशिंग सेंटर' म्हणतात, तेथील यंत्रसामग्री फार मोठी नसते. उच्च दाबाने पाणी सोडणारा पंप, तो फिरविणारी मोटर, हवेचा कॉम्प्रेसर, गाडी उचलून धरणारी हायड्रॉलिक लिफ्ट, फेसाची टाकी आणि आतील धूळ ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर, एवढ्यावर बहुतेक केंद्रे चालतात. अशा व्यवसायाचा विचार भाषाविभागाच्या पत्रिकेत कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, यंत्राची निगा ही जितकी हातांची बाब आहे तितकीच शब्दांचीही आहे. यंत्र बिघडण्यापूर्वी ते काहीतरी 'सांगत' असते. ते ज्याला मराठीत नेमके म्हणता येते त्यालाच ते वेळेवर दुरुस्त करता येते. आपल्या परिभाषाकारांनी भागांच्या नावांवर पुष्कळ श्रम घेतले. बिघाडाच्या क्रियापदांकडे मात्र फारसे पाहिले नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

नामांची बाजू प्रथम उरकून घेऊ. पंप, मोटर, सील, बेरिंग, नोझल, व्हॉल्व्ह, गन ही सारी नावे इंग्रजी आहेत. भाषासंपर्कात नामे सर्वांत सहजपणे उसनी घेतली जातात हे निरीक्षण जुनेच असून आयनार हौगेन यांनी १९५० च्या आपल्या प्रसिद्ध विवेचनात त्याचा ऊहापोह केला आहे. ही नामे मराठीत येताना लिंग घेऊन येतात : मोटर स्त्रीलिंगी, पंप पुल्लिंगी, तर बेरिंग, वायरिंग, वायंडिंग अशी 'इंग'कारान्त नामे बहुधा नपुंसकलिंगी. काहींचे रूपही पालटते. वॉशरचा 'वायसर' होतो. मळ्यातल्या पंपाच्या फूटव्हॉल्व्हला शेतकरी खुशाल 'फुटबॉल' म्हणतो. सायकलच्या दुकानात ओव्हरहॉलिंगचे 'ओव्हर-ऑइलिंग' झाले, आणि तेल घालणे हा त्या कामाचा एक भाग असल्याने ते अर्थाच्या दृष्टीनेही शोभून गेले. मोटरीला जोडलेल्या कपॅसिटरला कारागीर आजही 'कंडेन्सर' म्हणतात. इंग्रजीने मागे टाकलेला हा शब्द आपल्याकडे टिकून आहे. 'दट्ट्या' आणि 'झडप' हे चांगले मराठी शब्द पाठ्यपुस्तकांत स्थिरावले. कारखान्यात मात्र पिस्टन आणि व्हॉल्व्हच राहिले. यात खेद करण्यासारखे फारसे काही नाही. वस्तू बोटाने दाखविता येते. तिचे नाव कोणते, यावर तिचे आयुष्य अवलंबून नसते.

क्रियापदांचे तसे नाही. बिघाड बोटाने दाखविता येत नाही, तो सांगावा लागतो. आणि येथे कामगार जवळजवळ संपूर्णपणे मराठीत बोलतो. पंप 'हवा धरतो', मोटर पाणी 'उचलत नाही', प्रेशर 'चढते' आणि 'उतरते', पट्टा 'घसरतो', व्हॉल्व्ह 'बसत नाही', फ्यूज 'उडतो', वायंडिंग 'जळते', पाणी 'झटके मारते'. यांतील प्रत्येक प्रयोगामागे यंत्राचे एक निदान आहे. धुण्याच्या पंपात सामान्यतः तीन दट्टे असतात व ते आळीपाळीने पाणी आत ओढून बाहेर ढकलतात. त्यांपैकी एखाद्याच्या व्हॉल्व्हखाली वाळूचा कण अडकला, म्हणजे तो व्हॉल्व्ह खरोखरच आपल्या बैठकीवर 'बसत नाही'. तीन ठोक्यांपैकी एक वाया जातो आणि हातातील पाइप उसळू लागतो. 'पाणी झटके मारतंय' हे तीन शब्दांचे वर्णन तीन दट्ट्यांच्या पंपाची अंतर्रचनाच सांगत असते.

'हवा धरणे' हा प्रयोग त्याहूनही उपयुक्त आहे. पंपाच्या तोंडाशी असलेली जाळी गाळाने भरली, टाकीतील पाणी खाली गेले अथवा ओढणाऱ्या पाइपचा सांधा सैल झाला, म्हणजे पंपाला पुरेसे पाणी मिळत नाही. मग आत खडे घोळवल्यासारखा आवाज येऊ लागतो. हा आवाज ओळखून जो त्याच क्षणी पंप बंद करतो व जाळी धुतो, त्याचे काम दहा मिनिटांत भागते. जो तसाच चालू ठेवतो त्याची सील कोरडी पडून जळतात. दट्ट्यांभोवतीची ही सील पाणी आणि तेल यांना एकमेकांपासून दूर ठेवण्यास साहाय्य करतात. ती झिजली की पाणी तेलात उतरते व काचेच्या खिडकीतून तेल दुधाळ दिसू लागते. नव्या पंपाचे तेल पहिल्या ५० तासांनंतर व पुढे सुमारे ५०० तासांनी बदलावे, असे अनेक उत्पादक सांगतात. परंतु तेल दुधाळ झाले असेल तर तासांचा हिशेब पाहत बसू नये. ते तत्काळ काढावे आणि सील तपासावीत.

मात्र कारागिराच्या भाषेचा गौरव करताना तिच्यातील उणीवही मांडली पाहिजे. 'जाणे' हे तिचे सर्वांत आवडते क्रियापद आहे. सील 'गेले', कंडेन्सर 'गेला', प्रेशर 'गेले'. हे क्रियापद परिणाम सांगते, कारण सांगत नाही. प्रेशर गेले म्हणजे सील झिजले, व्हॉल्व्ह अडकला, पट्टा घसरला, जाळी तुंबली की नोझल मोठे झाले? शेवटची शक्यता तर कोणाच्या ध्यानीच येत नाही, आणि बहुधा खरे कारण तेच असते. दट्ट्यांचा पंप ठराविक वेळात ठराविकच पाणी ढकलतो. तेवढेच पाणी नोझलच्या छिद्रातून जायचे असेल, तर दाब छिद्राच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात राहतो. छिद्राचा व्यास झिजून केवळ १० टक्क्यांनी वाढला, तर १०० बारचा दाब सुमारे ६८ बारवर येतो. ही झीज डोळ्यांना दिसत नाही. परिणामी मालक हजारो रुपये खर्चून पंप उघडावयास लावतो, आणि दोष असतो बोटाच्या पेराएवढ्या तुकड्यात. 'नोझल झिजलं' असे वाक्य आपल्या कानी क्वचितच पडते. ते प्रचारात असते, तर पुष्कळ पंप न उघडताच राहिले असते.

आता खुद्द 'मेंटेनन्स' या शब्दाकडे वळू. इंग्रजीत त्याचा अर्थ बिघाड होऊ नये म्हणून घेतलेली काळजी. मराठीत आल्यावर तो जवळजवळ उलटा झाला. 'या गाडीला मेंटेनन्स फार आहे', 'मशीनने मेंटेनन्स काढला' अशी वाक्ये आपण ऐकतो; त्यांत मेंटेनन्स म्हणजे झालेला बिघाड व त्यापायी आलेला खर्च. म्हणजे जो शब्द प्रतिबंधासाठी आणला तो आपत्तीचे नाव होऊन बसला. मालकाला 'मेंटेनन्स करा' असे सांगितले, तर तो प्रामाणिकपणे विचारतो, 'काय बिघडलंय?' वास्तविक आपल्याजवळ 'निगा' हा सुंदर शब्द आहे, पण तो जनावरे, झाडे आणि लेकरे यांच्याशी अधिक जोडलेला आहे. 'तेलपाणी' हा शब्द यंत्राला चालतो व त्यात नियमितपणाचाही भाव आहे. कॉम्प्रेसरच्या टाकीच्या तळाशी साचलेले पाणी रोज सोडणे, पट्ट्याचा ताण पाहणे, पंपाची जाळी धुणे, लिफ्टच्या तेलाची पातळी व तिचे कुलूप तपासणे या साऱ्यांना 'रोजचे तेलपाणी' म्हटले, तर ते कामगाराला समजावून सांगावे लागणार नाही.

माहितीपुस्तकांच्या मराठी अनुवादकांसाठी एक इशारा येथे द्यावासा वाटतो. 'टाकणे' हे क्रियापद कारखान्यात 'बसविणे' या अर्थी चालते. 'नवीन सील टाकलं', 'मोटर टाकली', किंबहुना यंत्रसामग्री वाढविण्यालाही 'नवीन मशीन टाकलं' असेच म्हणतात. तेच क्रियापद 'फेकणे' या अर्थीही आहे. 'सील टाका' ही सूचना बोलताना हावभावांमुळे निःसंदिग्ध असते. छापील पानावर ती तशी राहत नाही. तेथे 'काढा' आणि 'बसवा' हीच क्रियापदे वापरावीत.

यंत्रे सुधारली की हा प्रश्न अधिक तीव्र होतो. पट्ट्यावर चालणाऱ्या जुन्या पंपाच्या जागी मोटरीला थेट जोडलेला पंप येतो. तिची गती आवरणारी इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह येते. कूपनलिकेच्या जड पाण्याचे पांढरे डाग काचेवर राहू नयेत म्हणून पाणी मृदू करणारे संयंत्र येते. दख्खनच्या पठारावर हे शेवटचे यंत्र चैनीचे नव्हे : वाफेचे वा गरम पाण्याचे यंत्र घ्यावयाचे असेल, तर त्याच्या नळ्यांत क्षार बसण्यापूर्वी ते हवेच. त्यातील राळेला अधूनमधून मिठाचे पाणी द्यावे लागते. ते विसरले की संयंत्र नुसती शोभेची टाकी होते. या सुधारणा इष्ट आहेत. पण पूर्वी तीनपैकी एक फेज गेला की मोटर 'घूं घूं' करीत असे आणि पोऱ्या धावत जाऊन खटका पाडीत असे. आता पडद्यावर एक अक्षर व दोन आकडे उमटतात. यंत्र स्वतःच बंद पडते हा लाभच होय. तथापि त्या आकड्यांचा अर्थ इंग्रजी पुस्तकात, पुस्तक मालकाच्या कपाटात, आणि कान तयार असलेला कामगार यंत्रापुढे निमूट उभा, अशी स्थिती होते. त्या संकेतांचा तक्ता यंत्राशेजारी मराठीत लावला पाहिजे, आणि त्यात 'निवेश दाब न्यूनता' असे न लिहिता 'पंप हवा धरतो : जाळी व टाकी पाहा' असे लिहिले पाहिजे.

हे केवळ सोयीचे नाही. ओल्या फरशीवर दिवसभर उभा राहणारा मुलगा जेव्हा म्हणतो की 'मशीन करंट मारतंय', तेव्हा तो विद्युत्-गळतीची नोंदच करीत असतो. पण 'मारणे' या क्रियापदाचा या जागी इतका सर्रास वापर आहे (पाणी मारणे, फोम मारणे, पॉलिश मारणे) की ऐकणाऱ्याला ते नित्याचेच वाटते. 'चप्पल घालून काम कर' एवढ्यावर विषय संपतो. अर्थिंग तुटलेले असते, तेच पुढे जीव घेते. ३० मिलिअँपिअरच्या गळतीला खटका पाडणारे साधन आज सहज मिळते व जुन्या केंद्रात करावयाची पहिली सुधारणा तीच होय. नवा पंप नंतर आला तरी चालेल. त्या साधनावर एक छोटे बटण असते व त्यावर इंग्रजी 'टी' हे अक्षर असते. महिन्यातून एकदा ते दाबून खटका पडतो की नाही हे पाहावयाचे असते. ते अक्षर कशाचे हे ठाऊक नसल्यामुळे ते बटण वर्षानुवर्षे कोणी दाबत नाही. त्याशेजारी रंगाने 'महिन्याला दाबा. खटका पडलाच पाहिजे' एवढे लिहावयास पाच मिनिटे लागतात.