संगणक म्हणतो, भाग सापडत नाही

भिवंडीच्या धामणकर नाक्याच्या आसपास गल्लीत शिरलात की यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो. माग कशावर चालतो? मोटर हवी, पट्टा हवा, फणी हवी, धोटा हवा. मोटर नवी कोरी आहे, पण धोटाच नाही, तर कापड विणले जाईल का? नाही. पण म्हणून कुणी सगळा माग भंगारात घालत नाही. जाणता कारागीर एवढेच म्हणतो, "धोटा आणा."

मागावरचे कापड विकायचे तर आता संगणक लागतो. बिल त्यावर, साठ्याचा हिशेब त्यावर, मजुरीची नोंदही त्यावरच. 50,000 रुपयांहून जास्त किमतीचा माल सुरतेला, म्हणजे परराज्यात पाठवायचा तर 2018 सालापासून ई-वे बिल लागते. बिल नाही तर गाडी सुटत नाही. आणि गाडी भरली नाही तर हमालाची मजुरी बुडते. म्हणून ही गोष्ट नुसती मेहताजींची नाही, सगळ्यांचीच आहे.

समजा, एके सकाळी मेहताजींनी हिशेबाचा प्रोग्राम उघडला, आणि पडद्यावर पाटी आली: व्हीसीरनटाइम140.डीएलएल सापडत नाही, काम पुढे जाऊ शकत नाही. गाडीवाला विचारतो, "मेहताजी, निघू का?" मेहताजींना घाम फुटतो. त्यांना वाटते, सगळा हिशेब गेला!

अहो, हिशेब कुठे गेला नाही. संगणकाचा धोटा तेवढा हरवला आहे. आपल्याला एक प्रोग्राम दिसतो, पण तो एकटा काम करत नाही. त्याच्या हाताखाली बरेच लहान प्रोग्राम असतात. काही त्याचे स्वतःचे, काही दुसऱ्या कंपनीने बनवलेले. वर सांगितलेला भाग मायक्रोसॉफ्ट कंपनीचा आहे. तो पुष्कळ प्रोग्रामांना लागतो. हिशेबाच्या नोंदी निराळ्या फाइलीत असतात.

मग हा भाग जातो कसा? आमच्या मते याचे फार नेहमीचे कारण पेनड्राइव्ह आहे. पेढीवरच्या संगणकातली प्रोग्रामची पेटी कुणीतरी पेनड्राइव्हवर उचलतो आणि गोदामातल्या नव्या संगणकात ओततो. पेटी आली, पण भाग विंडोजच्या दुसऱ्याच खणात राहिले. ते आलेच नाहीत. घर हलवताना कपाट नेले आणि भिंतीतल्या खुंट्या मागे राहिल्या, तसेच हे. म्हणून प्रोग्राम नकलून नेऊ नये, रीतीने बसवावा. कधी अपडेट चालू असताना वीज जाते आणि काम अर्धे राहते. कधी व्हायरस पकडणारा प्रोग्राम चुकून चांगलाच भाग कोंडून ठेवतो.

कधी गंमत अशी की बिल पडद्यावर दिसते, पण छापायला गेले की अडते. तेव्हा समजावे, हिशेबाचा भाग ठीक आहे, छपाईचा हरवला आहे. क्रिस्टल रिपोर्ट्स नावाच्या प्रोग्रामने बिल छापणाऱ्यांना हे ओळखीचे असेल. तो भाग वेगळा बसवावा लागतो.

आता करायचं काय? पाटी बंद करू नका. आधी तिचा मोबाईलवर फोटो काढा, नाहीतर नाव अक्षर न् अक्षर उतरून घ्या. इंग्रजी येत नसले तरी अक्षरे आणि आकडे पाहून उतरता येतात. 140 च्या जागी 120 लिहिले तर दुसराच भाग येईल. मग प्रोग्राम देणाऱ्याला फोन करा. नुसते "चालत नाही" म्हणू नका, ते नाव सांगा. आधी हिशेबाच्या फाइलींची नक्कल काढून घ्या, मगच प्रोग्राम पुन्हा बसवा. बहुतेक वेळा तेवढ्याने काम होते.

भाग मापाचाही लागतो. एका मागाचा धोटा दुसऱ्याला बसेलच असे नाही. विंडोजचे भाग 32 आणि 64 अशा दोन मापांचे असतात. जुना हिशेबी प्रोग्राम 32 चा असला तर नव्या 64 च्या संगणकातही त्याला 32 चाच भाग लागतो. दोन्ही बसवले तरी भांडत नाहीत.

मात्र "हा भाग फुकट घ्या" म्हणणाऱ्या कुठल्याही जागेवरून तो उतरवू नका. त्याच्याबरोबर चोर प्रोग्राम येऊ शकतो. मायक्रोसॉफ्टचा भाग मायक्रोसॉफ्टच्याच जागेवरून घ्यावा. तो तिथे फुकटच मिळतो. पडद्यावर आपणहून उगवलेल्या मदतीच्या नंबरावर फोन करू नये. ओटीपी तर कुणालाच सांगू नये.

आणि दारात उभ्या गाडीचं काय? ई-वे बिल सरकारी संकेतस्थळावर थेट भरता येते, त्याला आपला हिशेबाचा प्रोग्राम लागत नाही. ज्यांना ई-इन्व्हॉइस लागू नाही अशा लहान व्यापाऱ्याने बिल हाताने लिहावे, क्रमांक चुकू देऊ नये, आणि प्रोग्राम चालू झाल्यावर त्याची नोंद त्याच क्रमांकाने करावी.