पिशवी घेतली, पण डब्याचं काय?

गेल्या रविवारी आम्ही रूममेट्स पुण्यातल्या एका पर्यावरणपूरक जत्रेत गेलो होतो. बांबूचे टूथब्रश, रिठ्याचं लिक्विड, जुन्या साड्यांच्या पिशव्या... तासाभरात पाचशेची नोट संपली. सेल्फीही झाला. 'आता आपण एकदम इको-फ्रेंडली!' म्हणत निघणार, तोच कोपऱ्यातल्या स्टॉलवरच्या कचरावेचक मावशींनी हाक मारली.

"पोरींनो, सॅनिटरी पॅड कुठल्या डब्यात टाकता?"

आम्ही गप्प! मावशींनी एक पॅड कागदात गुंडाळलं आणि त्यावर लाल ठिपका काढला. "हा दिसला की आम्हाला उघडून बघावं लागत नाही. काच पण अशीच कागदात गुंडाळून वेगळी द्या." त्यांच्या बोटाला पट्टी होती. मला आमचा फुटलेला ग्लास आठवला. मीच तो तसाच ओल्या कचऱ्यात टाकला होता.

पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने २००८मध्ये महापालिकेशी करार केला आणि दारोदार कचरा गोळा करायला सुरुवात केली. आपण एकत्र कोंबलेला कचरा शेवटी कुणीतरी हातानेच वेगळा करतं, हे मात्र आपल्या गावीही नसतं.

साडीची पिशवी मस्तच आहे, वापरतेय. पण खरा बदल फुकटात झालाय. आमच्या फ्लॅटवर आता ओला, सुका आणि सॅनिटरी असे तीन डबे आहेत. शेजारी दोरीला लाल मार्कर लटकतोय. तुमच्या रूमवर किती डबे आहेत?