आठवणीतला चेहरा, पडद्यावरचा चेहरा

औशाच्या बसस्थानकाबाहेर भरदिवसा दोघे जण दुचाकीवरून येतात, रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका बाईच्या गळ्यातलं मंगळसूत्र हिसकावतात आणि तुळजापूरच्या दिशेनं पसार होतात, असं धरून चालू. मागे बसलेल्याचा चेहरा बाईनं तीन-चार सेकंद अगदी जवळून पाहिलेला असतो. ठाण्यात फिर्याद लिहिली जाते : वय अंदाजे पंचवीस ते तीस, रंग सावळा, बांधा मध्यम, नाक सरळ, चेहरा उभट. लातूर जिल्ह्यातल्या कितीतरी तरुणांना लागू पडेल असं हे वर्णन. बाईनं काही लपवलेलं नाही आणि ठाणे अंमलदारानंही कामात कसूर केलेली नाही. पण तिच्या डोळ्यांपुढून जो हलत नाही, तो माणूस या ओळीत कुठेच उतरलेला नाही.

तो उतरवण्यासाठी पोलिसांनी आणि शास्त्रज्ञांनी जी साधनं घडवली, त्यांतलं आजचं सर्वांत पुढचं साधन म्हणजे चेहरा जुळवणारी संगणक प्रणाली. ती नीट समजून घ्यायची तर आधीची साधनं कुठे अडली ते पाहायला हवं, कारण त्या अडण्यातूनच ती जन्मली आहे.

पॅरिसच्या पोलिस खात्यातल्या आल्फाँस बर्तिलाँनं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चेहऱ्याच्या वर्णनाची शिस्त बसवली. कपाळ, नाक, कान, हनुवटी यांचे प्रकार ठरवायचे आणि ठरलेल्या शब्दांतच माणूस नोंदवायचा, अशी त्याची पद्धत. आपल्या फिर्यादींतलं ‘नाक सरळ, चेहरा उभट’ त्याच वळणाचं आहे. १९५९ च्या सुमारास लॉस एंजेलिसचा पोलिस अधिकारी ह्यू मॅकडोनाल्ड यानं या शब्दांना चित्रं जोडली. पारदर्शक पट्ट्यांवर डोळे, नाकं, ओठ, केस रेखाटलेले. साक्षीदारानं निवडलेल्या पट्ट्या एकावर एक ठेवल्या की चेहरा तयार. हे आयडेंटिकिट. दोनच वर्षांत त्याला मोठं यश मिळालं. मार्च १९६१ मध्ये लंडनच्या सेसिल कोर्ट गल्लीतल्या एका दुकानात एल्सी बॅटन या महिलेचा खून झाला. ब्रिटनमध्ये पहिल्यांदाच आयडेंटिकिटनं संशयिताचा चेहरा बनवून प्रसिद्ध केला गेला, आणि काही दिवसांतच गस्तीवरच्या एका शिपायानं एडविन बुशला रस्त्यात ओळखून पकडलं. १९७० मध्ये जॅक पेन्री यांचं फोटोफिट आलं. त्यात रेषांच्या जागी खऱ्या छायाचित्रांचे तुकडे होते, त्यामुळे चेहरा जिवंत वाटू लागला.

इतकं झाल्यावर प्रश्न सुटला असंच सगळ्यांना वाटलं असणार. तो सुटलेला नाही हे स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीन विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं. हेडन एलिस, ग्रॅहॅम डेव्हिस आणि जॉन शेफर्ड यांनी लोकांना फोटोफिटनं चेहरे बनवायला सांगितलं. काहींनी ते आठवणीतून बनवले, काहींनी समोर पाहत पाहत. निकाल चक्रावणारा होता. चेहरा डोळ्यांसमोर असतानाही फोटोफिटची प्रतिमा आठवणीतून केलेल्या प्रतिमेपेक्षा फारशी सरस उतरली नाही. हातानं चित्र काढायला दिलं तेव्हा मात्र समोर चेहरा असण्याचा फायदा स्पष्ट दिसला. दोष फक्त साक्षीदाराच्या आठवणीत असता तर असं झालं नसतं. तुकडे जोडण्याची रीतच चेहऱ्याला परकी होती.

आपण रोज माणसं कशी ओळखतो ते आठवून पाहिलं तर हे लगेच पटतं. मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात नवखं पोर पारासमोरून गेलं की म्हातारी माणसं विचारतात, “कुणाचं रे तू?” आणि बऱ्याचदा उत्तर यायच्या आत घराणं सांगून मोकळी होतात. ‘आजोबावर गेलंय’ असं म्हणताना त्यांनी नाकाची लांबी किंवा भुवयांमधलं अंतर मोजलेलं नसतं. दोन डोळे, नाक आणि जिवणी यांच्या परस्पर जागा, त्यांतलं कमीजास्त अंतर, हे सगळं एका दमात नजरेत शिरतं. १९८७ मध्ये अँडी यंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका माणसाच्या चेहऱ्याचा वरचा अर्धा भाग दुसऱ्याच्या खालच्या अर्ध्या भागाला जोडला. पाहणाऱ्यांना त्यात तिसराच माणूस दिसू लागला आणि ओळखीचा वरचा भागही ओळखता येईना. दोन अर्धे थोडे बाजूला सरकवले की ओळख परत येई.

आणखी एक गोष्ट तपासाच्या दृष्टीनं फार महत्त्वाची आहे. अनोळखी माणूस पाहताना आपलं लक्ष केस, कपाळ, चेहऱ्याची कड अशा बाहेरच्या भागांवर जास्त जातं. ओळखीचा माणूस मात्र आपण डोळे-नाक-तोंड या आतल्या भागावरून ओळखतो. आता आपल्या बाईची अडचण पाहा. तिनं अनोळखी माणूस पाहिला. तिला त्याचा भांग आणि कानशिलावरचे कल्ले पक्के आठवतात. पण तिनं बनवलेल्या प्रतिमेवरून त्याला ओळखणार आहे तो त्याचा शेजारी, त्याचा दुकानदार, त्याच्या गावचा पोलीस पाटील. त्यांना हवा आहे आतला चेहरा, आणि तोच तिच्या आठवणीत सर्वांत कच्चा आहे. चेहरा जुळवणाऱ्या प्रत्येक यंत्राची खरी परीक्षा या फटीत होते.

संगणक आला तेव्हा सुरुवातीच्या प्रणालींनी जुनंच काम वेगानं केलं. १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये तयार झालेल्या ई-फिटनं थोडी सुधारणा केली : नाक सुटं न दाखवता पूर्ण चेहऱ्यात बसवून दाखवायचं, मग बदलायचं. खरा पालट दुसऱ्या दिशेनं आला, आणि त्याचं मूळ गणितात आहे. १९८७ मध्ये ब्राउन विद्यापीठात लॉरेन्स सिरोविच आणि मायकेल कर्बी यांनी ११५ चेहऱ्यांची छायाचित्रं घेतली आणि त्यांचा सरासरी चेहरा काढला. मग प्रत्येक चेहरा त्या सरासरीपासून कोणकोणत्या दिशांनी किती ढळतो ते मोजलं. अशा चाळीसएक आकड्यांत एक चेहरा बऱ्यापैकी पुन्हा उभा करता येतो असं त्यांना आढळलं. या दिशा नाकाच्या किंवा डोळ्याच्या नसतात. एक दिशा बदलली की अख्खा चेहरा थोडा भरतो, थोडा उजळतो, थोडा रुंद होतो.

याच गणितावर स्टर्लिंग विद्यापीठात पीटर हँकॉक आणि चार्ली फ्राउड यांनी इव्होफिट उभारलं. केंट विद्यापीठात ख्रिस सॉलोमन आणि स्टुअर्ट गिब्सन यांची ईफिट-व्ही ही प्रणालीही याच जातीची. साक्षीदाराला ‘नाक कसं होतं?’ असं विचारलंच जात नाही. पडद्यावर एका वेळी काही चेहरे येतात, इव्होफिटमध्ये अठरा. यांतलं कोण त्याच्यासारखं वाटतं, एवढंच सांगायचं. निवडलेल्या चेहऱ्यांचे आकडे संगणक एकमेकांत मिसळतो, त्यांत थोडा फेरफार करतो आणि नवी पिढी पडद्यावर आणतो. पुन्हा निवड, पुन्हा मिसळण. शेतकरी चांगल्या कणसांचं बियाणं राखून पुढच्या पेऱ्यात वाण सुधारत नेतो, तसा इथे पिढ्यांमागून पिढ्यांत चेहरा आठवणीकडे सरकत जातो. फ्राउड यांनी पुढे सुरुवातीच्या निवडीतून केसांसारखे बाहेरचे भागच काढून टाकले, म्हणजे साक्षीदाराची नजर आतल्या चेहऱ्यावरच राहील. वर सांगितलेली फट बुजवण्याचा इतका थेट उपाय मला दुसऱ्या कुठल्या प्रणालीत दिसला नाही. ब्रिटनमधल्या पोलिसांच्या चाचण्यांत अशा प्रतिमांनी सुमारे दहातल्या चार प्रकरणांत संशयितापर्यंत पोचायला मदत केली.

महाराष्ट्रात मात्र आजही भिस्त कलावंतावर आहे. मुंबईत चित्रकलेचे शिक्षक नितीन यादव आणि पुण्यात गिरीश चरवड यांनी वर्षानुवर्षं पोलिसांसाठी संशयितांची रेखाचित्रं काढली. ऑगस्ट २०१३ मध्ये मुंबईच्या शक्ती मिल आवारातल्या सामूहिक बलात्कारानंतर लगेचच पाच संशयितांची रेखाचित्रं प्रसिद्ध झाली आणि काही दिवसांत पाचही जण पकडले गेले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची ‘पोर्ट्रेट बिल्डिंग सिस्टीम’ आहे. प्रत्यक्षदर्शीच्या सांगण्यावरून संगणकावर चेहरा बांधायची ही सोय आहे, तरी तपास अंमलदाराला पेन्सिल धरणारा माणूसच जवळचा वाटतो. यात मागासलेपणा काही नाही. २००५ मध्ये फ्राउड यांच्याच गटानं चेहरा पाहिल्यानंतर दोन दिवसांनी प्रतिमा करून घेतल्या, तेव्हा सगळ्या पद्धतींची मिळून अचूक ओळख तीन टक्क्यांच्या आसपास आली. त्यातल्या त्यात पुढे होती ती हातानं काढलेली रेखाचित्रं, संगणकाच्या तत्कालीन प्रणाली नव्हेत. चित्रकार घाई करत नाही, आधी ऐकतो, अख्खा चेहरा पुसटसा मांडतो आणि मग बारकाव्यांत शिरतो. इव्होफिट तेच करतं. दोघांचं यश एकाच कारणानं आहे.

पण याच ठिकाणी धोकाही आहे, आणि त्याबद्दल गुळमुळीत बोलून चालणार नाही. जुलै १९८४ मध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या बर्लिंग्टन इथे बलात्काराला बळी पडलेल्या एका तरुणीनं हल्लेखोराचा चेहरा जाणीवपूर्वक लक्षात ठेवला होता. तिनं पोलिसांबरोबर बसून प्रतिमा बनवली, मग छायाचित्रांतून आणि नंतर ओळखपरेडमध्ये रोनाल्ड कॉटनला निवडलं. तिला खात्री होती. खटल्याच्या फेरसुनावणीत खरा गुन्हेगार बॉबी पूल न्यायालयात तिच्यासमोर आणला गेला, तरी तिनं त्याला ओळखलं नाही. १९९५ मध्ये डीएनए चाचणीनं कॉटन निर्दोष ठरला. तोवर त्याची दहा वर्षं तुरुंगात गेली होती. एकदा प्रतिमा बनली की ती मूळ आठवणीवर बसू शकते, आणि साक्षीदार प्रामाणिकपणे तिलाच मूळ समजू लागतो. आपल्याकडे डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनाच्या तपासातही रेखाचित्र निघालं. २०१६ च्या आरोपपत्रात सीबीआयनं ज्या दोघांना मारेकरी म्हटलं, ते दोघे आणि मे २०२४ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं दोषी ठरवलेले दोघे वेगवेगळे आहेत.

म्हणून या प्रतिमेचं कायद्यातलं स्थान तपासाला दिशा देण्यापुरतं आहे. ओळखपरेडसुद्धा स्वतंत्र पुरावा ठरत नाही, न्यायालयात दिलेल्या साक्षीला ती फक्त दुजोरा देते. मग साक्षीदाराच्या मदतीनं बांधलेली प्रतिमा त्याहून वर कशी चढेल? ती चढवण्याचा मोह आता दुसऱ्या वाटेनं येतो आहे : प्रतिमा बांधायची आणि ती थेट चेहरा ओळखणाऱ्या संगणकात टाकायची. अमेरिकेत काही पोलिस दलं असं करतात हे जॉर्जटाउन विद्यापीठाच्या २०१९ च्या अहवालानं उघड केलं आणि त्यावर कडक टीका केली. अंदाजाचा चेहरा टाकला तरी यंत्र लाखो छायाचित्रांतून कुणीतरी ‘जुळलेला’ शोधून काढतंच. शब्दांवरून गुळगुळीत चेहरा बनवणारी आजची कृत्रिम बुद्धिमत्ता तर आणखी घातक आहे, कारण साक्षीदाराला जे आठवलं नाही ते ती स्वतःच्या मनानं भरते आणि पाहणाऱ्याला त्या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत.

औशासारख्या तालुक्याच्या ठाण्यात हे सगळं आणायचं तर काय लागेल? सर्वांत आधी चेहरे. परदेशी प्रणालीतली सरासरी परदेशी माणसांची आहे. तिच्यातून कितीही पिढ्या काढल्या तरी मराठवाड्यातला तरुण नीट उतरणार नाही. आपल्याकडच्या वर्णछटा, मिश्या, दाढ्या, उन्हानं रापलेली कातडी त्या गणितात मुळातच असायला हवी. त्यासाठी इथल्या माणसांची छायाचित्रं त्यांची संमती घेऊनच गोळा करावीत, आरोपींच्या नोंदवह्यांतून मुळीच नाही. नाहीतर बांधलेला प्रत्येक चेहरा आधीच पोलिसांच्या नोंदीत असलेल्या समाजांकडे झुकेल.

मग विचारण्याची रीत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड गाइझलमन आणि रोनाल्ड फिशर यांनी १९८० च्या दशकात साक्षीदाराच्या मुलाखतीची एक पद्धत बसवली. त्या जागेचं, उजेडाचं, त्या वेळच्या मनःस्थितीचं स्मरण आधी करू द्यायचं, मधे तोडायचं नाही, सुचवणारा प्रश्न विचारायचा नाही. लातूरजवळ बाभळगावला पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे, नांदेडला न्यायसहायक प्रयोगशाळा आहे. यंत्राची किंमत मोजण्याआधी बाभळगावच्या वर्गात ही पद्धत शिकवायला काही अडचण नाही. ‘त्याला दाढी होती का?’ या एका प्रश्नानं दाढी आठवणीत उगवू शकते, हे प्रत्येक शिपायाला कळलं पाहिजे. दोन दिवसांनी चेहरा किती विरतो ते वरच्या आकड्यांत दिसलंच आहे, तेव्हा बाईला त्याच दिवशी, शक्यतो एखाद्या महिला अंमलदारासमोर, शांत खोलीत बसवावं. आणि प्रतिमा बनवताना जो अधिकारी शेजारी असेल त्याला संशयित कोण हे माहीत नसावं.

प्रतिमा तयार झाली की ती चिकटवायची कुठे आणि कशी, यावरही काम झालेलं आहे. फ्राउड यांच्या गटाला आढळलं की बांधलेला चेहरा उभा ताणून दाखवला, किंवा बाजूनं तिरक्या नजरेनं पाहिला, तर ओळखीच्या लोकांना तो जास्त वेळा ओळखू येतो. बारक्या चुका त्या ताणात नजरेआड होतात. बसस्थानकावर, बाजार समितीत, गावोगावच्या पोलीस पाटलाकडे जे पत्रक जाईल त्यावर चेहऱ्याखाली ही सूचना मराठीत, ठळक अक्षरांत छापावी : समोरून पाहून झाल्यावर कागद जरा तिरपा धरूनही पाहा.